नऊ वर्षांचं सील

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी पेटी आहे. पाणीपुरवठा कार्यालयाच्या स्टोअररूममध्ये, जिन्याखाली माझी जागा. कारागिरांनी पत्रा ठोकून ठोकून मला घडवलं आणि अंगावर लाल रंगात लिहिलं, ‘आपत्कालीन पाणी शुद्धीकरण’. पोटात ब्लीचिंग पावडरचे डबे आणि साबण भरून कुलपावर लाखेचं सील केलं. पूर आला तर गावाचं पाणी मी राखणार! काय तोरा चढला होता मला, म्हणून सांगू!

स्टोअरकीपर भाऊ मला जिवापाड जपत. तपासणीच्या दिवशी ओल्या फडक्याने पुसून लख्ख करत. साहेब वाकून सील बघत, “शाबूत आहे, शाब्बास!” म्हणत आणि चहाला जात. अशी नऊ वर्षं गेली.

झाडलोट करणाऱ्या मावशी एकदा म्हणाल्या, “भाऊ, उघडून तरी बघा. जुनी पावडर मरते, तिचा जोर जातो म्हणतात.”

“सील तोडलं तर साहेब मला सोलून काढतील, मावशी. झाकली मूठ सव्वा लाखाची!”

खोटं कशाला बोलू, मीही मनात हसले.

मग खरंच पूर आला. वस्ती शाळेत हलवली. विहिरीत गटाराचं पाणी शिरलं. मावशीही नातीला कडेवर घेऊन तिथेच आल्या. भाऊंनी मला ओढत नेलं, सील तोडलं, डबे उघडले. आत नुसती ढेकळं! नाकाला झोंबणारा तो वास कुठेच नाही. रस्ते बुडालेले, पाणी उकळायला कोरडं जळण नाही.

“दुप्पट टाकू, काहीतरी उतरेलच,” ते पुटपुटले आणि ढेकळं ठेचून शाळेच्या टाकीतल्या विहिरीच्या पाण्यात ओतली. लोकांनी माझ्यावरची लाल अक्षरं वाचली आणि ते पोटभर पाणी प्यायले. माझ्या भरवशावर प्यायले हो!

दोन दिवसांत घरटी एक जण जुलाबाने आडवा झाला. पाचव्या दिवशी मावशींची नात गेली.

भाऊ त्यांच्यापुढे हात जोडून बसले. “मावशी, मला चार शिव्या तरी द्या.”

“ती नको म्हणत होती,” मावशी म्हणाल्या. “मीच म्हटलं, पी गं बाळा, आता औषध टाकलंय.”

मित्रांनो, तुमच्याकडे अशी पेटी असेल, तर दर सहा महिन्यांनी उघडा. जुनी पावडर काढा, नवी भरा. इथे मात्र मला पुन्हा भरून सील केलंय. भाऊ म्हणाले, “साहेब, सहा महिन्यांनी उघडू.” साहेब म्हणाले, “तपासणीत सील शाबूत दिसलं पाहिजे, हात लावायचा नाही.” आतली पावडर रोज थोडी थोडी मरते आहे, आणि ते मला एकटीलाच कळतंय.