मूडचा रकाना

"जेनिस, हा ट्रॅक लंचच्या आधी सोड हां. देवव्रत सरांचा आहे," मानसीने माझ्या हेडफोनवर टिचकी मारली आणि गेली.

सर म्हणे! मेल्याचं नाव ऐकूनच माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आमचं काम सोपं. अंधेरीच्या ऑफिसात बसून दिवसाला साठ ट्रॅक ऐकायचे आणि प्रत्येकाचे तीन रकाने भरायचे: टेम्पो, स्केल, मूड. सिरियलवाले, जाहिरातवाले त्यावरून संगीत शोधतात. टेम्पो आणि स्केल सॉफ्टवेअर तपासतं. मूड मात्र आमच्या कानावर सोडलेला. अकरा वर्षं मी तो इमानदारीत भरला.

प्ले दाबलं. व्हायोलिनांचा ताफा, खाली चेलो, लांबून ढोल. टेम्पो बावन्न, डी मायनर. चार सेकंदांत ओळखलं. अरे, हे तर आमच्या पप्पांचं!

मरोळच्या आमच्या गावठाणात लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवरून नवरा-नवरीच्या अंघोळीचं पाणी आणतात, त्याला उंबराचं पाणी म्हणतात. पप्पांनी त्यांच्याच लग्नात त्यासाठी ही ट्यून बांधली. भरली घागर घेऊन बाई जशी चालते, तोच तिचा टेम्पो. आणि स्केल मेजर, हसरी. मम्मी गेली, तरी गावातल्या प्रत्येक लग्नात पप्पा ती वाजवायचे.

पप्पा म्हणजे अँथनी. स्टुडिओत तिसऱ्या रांगेत तीस वर्षं व्हायोलिन वाजवलं. दोन वर्षांपूर्वी चहाच्या सुट्टीत त्यांनी ही ट्यून सहज छेडली. "अंकल, झकास! परत वाजवा ना," म्हणत तिथला संगीतकार देवव्रतने ती मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतली. पुढच्या रेकॉर्डिंगला तीच ट्यून पप्पांच्या समोरच्या कागदावर. मायनर केलेली, रडकी केलेली, वर देवव्रतचं नाव. पप्पा उभे राहून एवढंच म्हणाले, "सर, हे माझं आहे ना?"

तो सगळ्या वादकांसमोर म्हणाला, "अंकल, तुमचा हात थरथरतो. आता घरी बसा."

तेव्हापासून व्हायोलिन कपाटावर आहे.

मूडच्या रकान्यात देवव्रतच्या माणसांनी आधीच लिहून पाठवलं होतं: शोक, भव्य. म्हणजे सिरियलमधल्या प्रत्येक मरणाला हेच वाजणार. मी ते पुसलं. लिहिलं: हलकंफुलकं. वापर: लिफ्ट, वेटिंग रूम. बस म्हटलं आता बोंबलत.

मानसीने डोकावून बघितलं. "अगं, हे हलकंफुलकं? मला रडू येतंय यार."

"तुला येतंय. मला हसू येतंय."

तीन महिन्यांत एकाही सिरियलने ते उचललं नाही. देवव्रतने फोन करून आमच्या साहेबांचं डोकं खाल्लं. साहेब "बघतो, बघतो" करत राहिले. त्या दिवशी मी कँटीनमध्ये दोन वडे जास्त खाल्ले. घरी मात्र काही बोलले नाही.

गेल्या गुरुवारी पप्पांना मोतीबिंदू दाखवायला बोरिवलीच्या एका हॉस्पिटलात नेलं. लिफ्टचं दार मिटलं आणि छताच्या जाळीतून बारीक आवाजात तेच सुरू झालं. आत आमच्याशिवाय सात माणसं. सहा मोबाइलमध्ये, सातवी फोनवर कुणाला तरी अर्धा किलो भेंडी आणायला सांगत होती.

पप्पांनी टोपी काढली.

"जेनिस, ऐकतेस? तुझ्या मम्मीचं पाणी."

"पप्पा, ते त्या चोराचं..."

"गप गं. रेंगाळतोय जरा." काठीच्या मुठीवर त्यांची डावी बोटं तारांवर पडावीत तशी पडत होती. थरथरत होती, पण एक सूर चुकला नाही.

चौथ्या मजल्यावर बाकीचे सगळे उतरले. कुणी वरसुद्धा बघितलं नाही. देवव्रतला गाडायला निघाले होते मी, आणि माती लोटली ती पप्पांवर. त्याला मी आजही माफ केलेलं नाही. पण त्या क्षणी स्वतःच्याच मुस्काटात मारावीशी वाटली.

"पप्पा, मीच टाकलंय ते लिफ्टमध्ये. त्याचा सूड घ्यायला."

बाहेरून नर्सने हाक मारली, "अँथनी काका, या ना, तुमचा नंबर आला."

"एक मिनिट, बाय," पप्पा म्हणाले. "घागर अजून घरी नाय पोचली."

वर ट्यून अजून चालूच होती. मी तळमजल्याचं बटण दाबलं. टोपी छातीशी धरून पप्पा बंद दाराकडे बघत ताठ उभे राहिले.