शेजारच्या सीटचा ब्रेक

गाडी शिकवणाऱ्यांच्या गाडीत दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा शेजारी बसलेल्या शिक्षकाच्या. ती अशीच एक शिक्षिका; त्या दुसऱ्या ब्रेकवर वर्षानुवर्षं पाय ठेवून बसल्यामुळे तिच्या उजव्या पायाला एक खोड लागली होती. समोरच्याचा भरवसा वाटेनासा झाला की तो आपोआप जमीन दाबायचा. टॅक्सीत, लिफ्टमध्ये, केस कापून घेतानासुद्धा.

आता तिला दिवस गेले होते आणि डॉक्टर निवडायचा होता. बाळंतपणात आपल्या बाजूला ब्रेक नसणार, एवढी एकच गोष्ट तिला खुपत होती.

पहिले डॉक्टर सासूबाईंचे. त्यांची दोन्ही मुलं याच डॉक्टरांच्या हातची. दवाखान्याच्या भिंतीवर बाळांचे फोटो इतके, की रंग कोणता हे कळत नव्हतं. डॉक्टरांनी सासूबाईंची विचारपूस केली, त्यांच्या गुडघ्याची केली आणि मग त्यांनाच विचारलं, "सून काय म्हणते?"

सून समोरच बसली होती. ती म्हणाली, "ऐनवेळी तुम्ही बाहेरगावी असलात तर कोण असेल?"

डॉक्टर हसले. "तुम्ही फक्त खायचं-प्यायचं, आनंदात राहायचं. बाकी सगळं माझ्यावर सोडा."

टेबलाखाली तिच्या पायाने जमीन दाबली.

दुसऱ्या डॉक्टर नवऱ्याने शोधलेल्या. नवरा चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो. या डॉक्टरांच्या दवाखान्यात माशांची टाकी होती, खुर्च्या मऊ होत्या, आणि डॉक्टरीणबाई कशालाच हरकत घेत नव्हत्या. बाळंतपण नैसर्गिक व्हायला हवंय? होईल की. दुखायला नकोय? नाही दुखणार. नवरा आत हवाय? येऊ दे.

"आणि माझी आई?" नवरा रंगात आला.

"त्यांनाही घेऊ."

तिने विचारलं, "तुम्ही कशाला नाही म्हणता का कधी?"

"छे," डॉक्टर गोड हसल्या. तिच्या पायाने पुन्हा जमीन दाबली.

बाहेर आल्यावर नवऱ्याने सवयीने विचारलं, "आता सांग. आधीचं बरं होतं की हे?"

"दोन्हींत धूसरच दिसतंय."

त्या आठवड्यात शिकवून परतताना तिला आपली एक जुनी विद्यार्थिनी आठवली. ती बाळंतपणाचीच डॉक्टर होती. पण ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तिला डॉक्टर कोणी म्हणत नसे. मागे घेताना गाडी कुंपणात घातल्यापासून तिचं नाव 'कुंपणबाई' पडलं होतं.

घरी हे सांगितल्यावर सासूबाईंनी हातातली विळी बाजूला ठेवली. "जिला गाडी मागे घेता येत नाही, तिच्याकडे तू जाणार? अगं, शहाणी ना तू?"

"एकदा भेटू तर, आई. नाही पटलं तर तुमचे डॉक्टर आहेतच."

कुंपणबाईंची खोली लहान होती. तिला बघून त्या खुर्चीतून उठल्याच. "मॅडम, तुम्ही? बसा, बसा. या कोण, आई का? नमस्कार."

सासूबाईंनी नमस्कार घेतला आणि सरळ मुद्द्यावर आल्या. "तुम्ही कुंपणात गाडी घातली होती म्हणे."

"दोनदा," डॉक्टर म्हणाल्या. "दुसऱ्यांदाही तेच कुंपण."

सासूबाईंना हसू आलं. ते लपवायला त्या पदराने चष्मा पुसू लागल्या.

तपासताना डॉक्टर प्रत्येक गोष्ट करण्याआधी सांगत होत्या. आता हात ठेवते. आता थोडं गार लागेल. नको वाटलं तर थांब म्हणा, मी थांबेन. मग तिने तोच प्रश्न विचारला, ऐनवेळी तुम्ही नसलात तर?

"पलीकडच्या खोलीत माझ्या जोडीदार डॉक्टर बसतात. आज त्यांनाही भेटून जा, म्हणजे तेव्हा अनोळखी वाटायला नको. आणि काही अवघड निघालं तर मी एकटी रेटणार नाही, मोठ्या सर्जनना बोलावीन. कधी बोलवायचं तेही आधीच सांगून ठेवते."

तिला आठवलं. इतर शिकाऊ लोक घाबरले की वेग वाढवायचे. ही एकटीच गाडी थांबवून म्हणायची, "मॅडम, हे मला अजून जमत नाही, इथे ब्रेक तुम्ही सांभाळा." कुंपणात गेली त्या दोन्ही वेळाही मागे घेण्याआधी तिने हेच सांगितलं होतं. ब्रेक उशिरा मारला तो शेजारच्या शिक्षिकेने, म्हणजे आपणच. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये हे कधी कोणाला कळलं नव्हतं, आणि डॉक्टरांनीही सांगितलं नव्हतं.

तपासणीच्या टेबलावर तिचा उजवा पाय सैल पडला होता. तिने मान उचलून एकदा खात्री करून घेतली.

"काही दुखतंय का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. आई, माझं ठरलं."

सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "मला कधीचं कळलंय. त्या पलीकडच्या डॉक्टरांना भेटायला चल आता."

सगळं आटोपून तिघी खाली आल्या. डॉक्टरांची घरी जायची वेळ झाली होती. त्यांनी पर्समधून किल्ली काढली. "चला, सोडते तुम्हाला. हल्ली मागेही घेता येते मला."

गाडी भिंतीला खेटून लावलेली होती. बाहेर काढायची तर मागेच घ्यावी लागणार होती.

सासूबाईंनी भिंतीकडे बघितलं, मग सुनेच्या पोटाकडे. "बाळंतपण तुमच्याकडे, डॉक्टर. नक्की. घरी मात्र आम्ही चालत जातो."

"आई, बसा मागे," ती म्हणाली आणि डॉक्टरांच्या शेजारी बसली. पट्टा पोटाखालून नीट घेतला, आणि डॉक्टरांनी किल्ली फिरवायच्या आत उजवा पाय जमिनीवर घट्ट रोवला.