झुंबरबाईंची रिळांची फळी

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. परंदवडीतल्या एका शिलाई मशीनमागे भिंतीला टेकून उभी असते. दिसायला मी काही खास नाही. पण माझ्या अंगावरच्या खिळ्यांवर दोऱ्याची रिळं बसतात आणि माझ्यावाचून झुंबरबाईंचं पान हलत नाही, हे मी जरा तोऱ्यातच सांगते.

झुंबरबाईंचे यजमान भिमाजी जवळच्या उर्से गावातल्या एका कारखान्यात कामाला होते. तिथल्या मोडक्या खोक्याची फळी त्यांनी घरी आणली, रंधा मारून खिळे ठोकले आणि बायकोपुढे ठेवली. "घे. आता रिळं खाटंखाली घरंगळायची न्हाईत," म्हणाले. आज भिमाजी नाहीत. झुंबरबाई मात्र मला अजून पदराने पुसतात, तेव्हा फार बरं वाटतं.

झुंबरबाईंची एक रीत होती. सुईत त्या दोरा ओवतच नसत. रंग बदलायचा की आधीचा दोरा रिळापाशी तोडायचा, नव्या रिळाचं टोक त्याला बारीक गाठीने जोडायचं आणि सुईपाशी हळूच ओढायचं. गाठ सगळी वळणं घेत सुईच्या नेढ्यातून पार होई. बघणाऱ्या बायका हाताचं कौतुक करत. खरं कारण मलाच ठाऊक होतं. झुंबरबाईंना नेढं दिसेनासं झालं होतं, रंगही धुरकट झाले होते. रीळ त्या खिळ्याच्या जागेवरून ओळखत. पांढरं उजव्या कोपऱ्यात, त्याखाली काळं, असं सगळं बोटांना पाठ.

अशात शेजारच्या अंबूबाईंच्या लेकीचं लग्न ठरलं. आमच्याकडे नवरी पांढरी साडी नेसते, म्हणून ब्लाउजही पांढराच शिवायचा होता. झुंबरबाई मापं घ्यायला गेल्या आणि सून स्नेहलने मला आवरायला घेतलं. मुलगी गुणी, हेतू चांगला. तिने लालाशेजारी लाल, निळ्याशेजारी निळं, अशी सगळी रिळं हौसेने लावली. मी नटले खरी, पण पांढरं रीळ आता उजव्या कोपऱ्यात नव्हतं. ओरडावंसं वाटलं, पण फळीला तोंड कुठलं?

झुंबरबाईंचा हात सवयीने उजव्या कोपऱ्यात गेला. तिथे फिकट गुलाबी रीळ होतं. गाठ बसली, मशीन खडखडलं आणि नवरीचा ब्लाउज गुलाबी टिपांनी शिवून तयार झाला.

अंबूबाईंनी तो हातात घेतला आणि त्यांचा चेहरा पडला. "अगं झुंबर, पांढऱ्यावर गुलाबी टीप? परवा लगीन हाय!"

झुंबरबाई टिपेवरून नुसतं बोट फिरवत राहिल्या. स्नेहलने सासूकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तिला सगळं उमगलं.

"मावशी, चूक माझी आहे. रिळं मीच हलवली. उद्या सकाळी ब्लाउज घरपोच देते," ती म्हणाली.

अंबूबाई गेल्यावर दोघी टिपा उसवायला बसल्या.

"आई, दिसत नाही तर सांगितलं का नाही?"

"सांगून काय करू? तुमी म्हनाल, आता लय झालं, बसा गप हितं. मशीन माळ्यावर जाईल. मग मी कोन गं?"

ते ऐकून माझं लाकडाचं काळीज गलबललं.

स्नेहलने कात्री खाली ठेवली. "मशीन कुठं जात नाही. लग्न झालं की डोळे दाखवून येऊ, मी येते बरोबर. आता सांगा, पांढरं कुठं लावू?"

"उजव्या कोपऱ्यात. त्याखाली काळं."

एकेक रीळ आपल्या जागी गेलं. मग स्नेहलने स्वतःचे डोळे घट्ट मिटले, माझ्या खिळ्यांवरून हात फिरवला आणि चाचपडत पांढरं रीळ काढून सासूच्या हातात दिलं. "हेच ना?"

"व्हय," झुंबरबाई म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा, पण दुसऱ्याने लावलेल्या वस्तू हलवण्याआधी त्याला एकदा विचारत जा. तुम्हाला पसारा वाटतो, तिथे कुणाचे तरी डोळे असतात.