सहावं चित्र

त्या वर्षी केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गावांतल्या, शाळांमध्ये परदेशांच्या पेट्या फिरत होत्या. एक पेटी, एक देश, पंधरा दिवस. मग ती पुढच्या शाळेत जायची. औशापासून अर्ध्या तासावर असलेल्या हळदवाडीच्या शाळेत जपानची पेटी आली तेव्हा चौथीच्या एकवीस लेकरांनी ती धरून, ढकलून, जवळजवळ वरातीनंच वर्गात आणली.

पेटीत नकाशा होता, झेंडा होता, घड्या घालायचे रंगीत कागद होते, एक लाकडी बाहुली होती आणि खायच्या काड्यांचे दहा जोड होते. काड्यांनी शेंगदाणे उचलायची शर्यत लागली. शर्यत अंबिकानं जिंकली आणि शेंगदाणे बाकीच्यांनी खाल्ले. शिवाय जाड पुठ्ठ्याची आठ मोठी चित्रं होती. प्रत्येकाच्या मागं माहिती. तिथली मुलं शाळेच्या दारात बूट काढतात, आपला वर्ग आपणच झाडतात, हे वर्गाच्या सत्यशीलाबाईंनी वाचून दाखवलं तेव्हा पोरं म्हणाली, "मंग आपल्यावानीच की!"

सत्यशीलानं सात चित्रं दाखवली. सहावं तिनं पहिल्याच दिवशी पेटीतून काढून लोखंडी कपाटात, जुन्या हजेरीपटांच्या खाली ठेवलं होतं. त्यात एक वर्ग होता. मुलं टेबलांखाली गुडघ्यांवर बसलेली, हातांनी मान झाकलेली. भूकंप आला तर काय करायचं, ते चित्रामागं लिहिलं होतं. तिनं पहिली ओळ वाचली आणि चित्र पालथं केलं.

सत्यशीला चाळीस वर्षांची होती. किल्लारीच्या भूकंपात तिचं गाव गेलं तेव्हा ती आठ वर्षांची होती. आई, वडील आणि पाच वर्षांचा भाऊ हनुमंत एकाच मातीच्या माळवदाखाली गेले. ती वाचली, कारण ती त्या वेळी लघवीला अंगणात गेली होती, असं सगळे समजत. मावशीनं, साखराबाईनं, तिला औशाला नेलं, वाढवलं, डीएड केलं. 'पोरगी नशिबानं बाहेर होती' हे वाक्य मावशीच्या तोंडून तिनं शेकडो वेळा ऐकलं होतं. मावशीला ते तिनंच सांगितलं होतं, आणि ते खरं नव्हतं.

बुधवारी मुख्याध्यापक संगमेश्वर सर बैठकीसाठी औशाला गेले होते. अकराच्या सुमाराला सत्यशीला फळ्यावर जपानची चार मोठी बेटं काढत होती. तिसरं बेट अर्धं झालं असेल, तेवढ्यात जमिनीच्या पोटातून आवाज आला. लांब कुठं विहिरीत सुरुंग उडावा तसा. पायाखालची फरशी थरथरली, खिडकीच्या काचा वाजल्या आणि कपाटाचं दार आपोआप उघडलं.

पुढचं तिला कळलं ते एवढंच की ती मैदानात कडुलिंबाखाली उभी होती. हातात खडू होता. पायांत चपला नव्हत्या. तिनं मागं वळून पाहिलं. वर्गाचं दार उघडं होतं आणि दारात कुणीच नव्हतं.

ती तिथून हलू शकली नाही. मग दारात अंबिका दिसली. तिनं छोट्या शिल्पाचा हात घट्ट धरला होता. "पळू नका, ढकलू नका," असं मागच्यांना ती मोठ्या बाईसारखी दरडावत होती. एकेक करत एकवीस पोरं बाहेर आली. सत्यशीलानं ती मोजली. पुन्हा मोजली. कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. धक्का हलका होता. भिंतीला तडासुद्धा गेला नव्हता.

सरांचा फोन आला. "मॅडम, इकडंही जाणवलं. लेकरं व्यवस्थित बाहेर काढली ना?"

"हो सर," ती म्हणाली.

दुपारपर्यंत शाळेच्या ग्रुपवर सरांचा निरोप फिरला. सत्यशीला मॅडमनी प्रसंगावधान राखून सर्व विद्यार्थ्यांना सुखरूप बाहेर काढलं, त्याबद्दल अभिनंदन. खाली हात जोडल्याच्या खुणांची रांग लागली. शाळा सुटायच्या वेळेला अंबिकाचा बाप व्यंकटी रानातून तसाच, चिखलाच्या पायांनी आला. गवंडीकामही करणारा, कमी बोलणारा माणूस. त्यानं दारातच हात जोडले.

"बाई, तुमी व्हत्या म्हनून. न्हाई तर लेकरांचं काय झालं असतं?"

अंबिका बापाच्या शेजारी उभी होती. तिनं बाईंकडं एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. मग ती बापाचं बोट धरून निघून गेली.

त्या मान खाली घालण्यानं सत्यशीलाला जेवढं लागलं तेवढं आजवर कुणाच्या बोलण्यानं लागलं नव्हतं. नऊ वर्षांची पोर आपल्यासाठी गप्प बसली. आणि आपण तिला गप्प बसू दिलं.

दुसऱ्या दिवशी तिनं प्रार्थनेनंतर कपाट उघडलं आणि हजेरीपटांखालचं चित्र काढून फळ्याला टेकवलं.

"बाई, हे तर पेटीत नव्हतं," अंबिका म्हणाली.

"होतं. मी लपवून ठेवलं होतं."

"का?"

पोरं सतरंजीवर बसली होती. सत्यशीलाही खुर्ची सोडून त्यांच्यासमोर खाली बसली.

"कारण मला त्याची भीती वाटते. तुमच्याएवढी होते तेव्हा भूकंपात माझं घर पडलं. आई-बाबा गेले. माझा धाकटा भाऊ आत होता आणि मी एकटी बाहेर पळाले. काल जमीन हलली, तेव्हा मी पुन्हा तेच केलं. तुम्ही एकवीस जण आत होता आणि तुमची बाई मैदानात होती. तुम्हाला अंबिकानं बाहेर आणलं. ग्रुपवर जे आलंय ते खोटं आहे. ते मी खोडून काढणार आहे."

मग शिल्पा बारीक आवाजात म्हणाली, "आमी बी लई भ्यालतो बाई."

"माहीत आहे गं. पण मी मोठी आहे."

अंबिका चित्राकडं बघत होती. "बाई, ती लेकरं टेबलाखाली बसलीत. आपल्याकडं टेबल कुठं हाय?"

खरंच होतं. अख्ख्या वर्गात एकच टेबल होतं, बाईंचं, आणि त्याचा एक पाय विटेवर होता. सत्यशीलानं चित्रामागची माहिती पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली. मग ती आणि पोरं वर्गभर फिरली. काय काय पडू शकतं? कपाट. काचा. भिंतीवरची ती जड तसबीर. पंखा. त्यांच्यापासून लांब असं काय राहतं? फळ्याच्या उजव्या अंगाची कोरी भिंत. तिथं गुडघ्यांवर बसायचं, दप्तर डोक्यावर घ्यायचं, हलणं थांबेपर्यंत उठायचं नाही. मग रांगेनं लिंबाकडं. आधी धाकटी, मग मोठी, आणि शेवटी बाई.

त्या दिवशी त्यांनी ते सहा वेळा केलं. पहिल्या खेपेला पोरं हसली, दुसऱ्या खेपेला दोघांची डोकी आपटली. दर खेपेला शेवटचं पोर बाहेर जाईपर्यंत सत्यशीला त्या रिकाम्या होत जाणाऱ्या वर्गात उभी राहायची. सगळी गेल्यावरच ती उंबरा ओलांडायची.

मधल्या सुट्टीत तिनं सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, हे मला काल सांगायला पाहिजे होतं." त्यांनी निरोप काढून टाकला आणि त्या जागी खरं ते दोन ओळींत लिहिलं. या वेळी खाली एकही खूण आली नाही. गावात बोलणं व्हायचं ते झालं. दोन पोरांच्या आयांनी तिच्याशी बोलणं सोडलं. शनिवारी व्यंकटी मात्र पुन्हा शाळेत आला, ड्रिल मशीन आणि लोखंडी पट्ट्या घेऊन. त्यानं कपाट भिंतीला आवळून बसवलं, तसबीर खाली उतरवली, टेबलाच्या पायाखालची वीट काढून तिथं लाकडाचा तुकडा ठोकला. निघताना एवढंच म्हणाला, "पोरगी सांगत व्हती. आता पक्कं हाय."

रविवारी दुपारी साखराबाई औशाच्या घरी ओट्यावर तूर निवडत बसली होती. सत्तरी ओलांडली होती तरी नजर साफ होती. सत्यशीला सुपाच्या पलीकडं बसली.

"मावशी, मी अंगणात नव्हते."

"कवा?"

"त्या दिवशी. मी आतच होते. हनुमंताशेजारी निजले होते."

साखराबाईचा हात सुपात थांबला.

"घर हलायला लागलं तसा तो जागा झाला. त्यानं माझ्या परकराचा काठ धरला. धरून ठेवला गं. मी त्याची बोटं सोडवली. एकेक करून सोडवली, आणि पळाले. लघवीला गेले होते हे मी नंतर बनवलं. तू विचारलंस तेव्हा."

साखराबाईनं सूप बाजूला सारलं आणि पदरानं तोंड पुसलं. ती रडत होती, पण आवाज नव्हता.

"माझ्या अक्काचं लेकरू व्हतं ते," ती म्हणाली. "मला लई आवडायचं. माझ्या मागं मागं फिरायचं."

"हो."

"बत्तीस वर्सं तू हे एकटीनं पोटात घिऊन बसलीस?"

मावशी आता काय म्हणेल याची सत्यशीलानं आयुष्यभर कल्पना केली होती. त्यात शिव्या होत्या, शाप होते, घराबाहेर काढणं होतं.

"तुला माफ करायचं माझ्या हातात न्हाई," साखराबाई म्हणाली. "ते हनुमंताचं हाय, अक्काचं हाय. पर तू थांबली असतीस तर मला त्या ढिगाऱ्यातनं चार मुडदे काढावं लागलं असतं. तीन काढतानाच माझा जीव गेलता."

मग ती उठली. गुडघ्यांवर हात ठेवून, हळूहळू. आत जाऊन तांब्याभर पाणी घेऊन आली आणि सत्यशीलापुढं ठेवलं.

"त्याची बोटं कशी व्हती, आठवतंय?" तिनं विचारलं.

"आठवतंय."

"सांग मला. त्याच्याविषयी बोलायला कुनीच न्हाई राहिलं. बस हितं, अन सगळं सांग."

सत्यशीला पाणी प्यायली आणि सांगू लागली. हनुमंताच्या नखांत कायम माती असायची, इथून तिनं सुरुवात केली.