अंगठ्याची ओळख

ओढा बारमाही वाहायचा त्या काळची गोष्ट. काठावरचा नेचा म्हातारीने भाजीसाठी चाळीस वर्षं खुडला, पण डोळ्यांनी ओळखला तो फार तर पहिली तीस. पुढे नजर गेली आणि काम अंगठ्यावर आलं. कोंबाचं टोक गोगलगायीसारखं वळलेलं, देठ गुळगुळीत, एका अंगाला पन्हळ, मोडला की कट्‌कन वाजणार, तो घरचा, खायचा. बोटाला लव लागली, देठ मोडायच्या ऐवजी वाकला, की तो परका. भिरकावला ओढ्यात.

एका वर्षी बाजारातली कुणाची तरी रानभाजी खाऊन तिघं आडवे झाले. लगेच फर्मान सुटलं. भाजी ओळखायची परीक्षा द्या, दाखला घ्या, मगच पाटी मांडा. म्हातारीच्या घरची चूल त्या पाटीवरच पेटायची.

परीक्षेच्या दिवशी कचेरीत साहेबांनी टेबलावर सहा फोटो मांडले. "आजी, यातले खायचे कोणते?"

नजर गेल्याचं चारचौघांत कबूल करील तर ती म्हातारी कसली! तिने एकेका फोटोवरून अंगठा फिरवला.

"आत्या, चाचपताय काय?" मागून सून कुजबुजली.

"तू गप गं. इतकी वर्षं काय तुला विचारून खुडला?" आणि ठणकावून म्हणाली, "सगळे खायचे, साहेब. एकालाही लव नाही."

सहातले चार खायचे नव्हते.

"आजी, सगळं गाव झोपवाल तुम्ही!" साहेब म्हणाले. खोलीभर हसू फुटलं.

सुनेने कचेरीच्या भिंतीवरचा रानभाज्यांचा तक्ता पाठ केला होता. तिचे सहाच्या सहा बरोबर आले. दाखला तिला मिळाला.

बाजारच्या सकाळी सून एकटीच ओढ्यावर गेली, पाटी भरून आली आणि उंबऱ्याबाहेरच थबकली.

"आता काय?"

"आत्या, तक्त्यावर पानं उलगडलेली होती हो. इथं सगळेच गुंडाळलेले."

"मग विचार की तुझ्या दाखल्याला."

"नका ना छळू."

म्हातारीने पाटी पुढ्यात ओढली. अर्धी पाटी उकिरड्यावर गेली.

बाजारात सुनेने दाखला खांबाला दोरीने बांधला. म्हातारी मागे पाठमोरी बसली. दुपारी साहेबच आले.

"शाबास. पण आजींना भाजीला हात लावू देऊ नका हं."

"छे हो, साहेब," म्हणत सुनेने हात मागे केला. म्हातारीने जुडीवरून एकदा अंगठा फिरवला आणि ती सुनेच्या हातात ठेवली.