पुसूनही उरलेलं वाक्य

मित्रांनो, मी एक जुना पांढरा फळा आहे. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या एका कचेरीत, बैठकीच्या खोलीत, नऊ वर्षं भिंतीला पाठ लावून उभा आहे. नवा होतो तेव्हा माझ्यात चेहरा दिसायचा. आता माझ्या मधोमध एक करडा डाग आहे.

इथे एक नेम आहे. एक शुक्रवार आड, दुपारी चारला, सगळे माझ्यासमोर बसून सरल्या पंधरवड्याकडे वळून पाहतात. माझ्यावर तीन रकाने आखतात: काय जमलं, काय अडलं, काय बदलायचं. आपल्या चुका कुणावर न रागावता आपणच चारचौघांत मांडायच्या! पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला अगदी धन्य वाटलं होतं.

पण मन नसेल तर उपवासाची नुसती उपासमार होते. तसंच झालं. पहिल्या रकान्यातल्या कौतुकातच अर्धा तास जायचा. "छान चर्चा झाली हं!" असं म्हणत साहेब मोबाइलने माझा फोटो काढायचे आणि मला पुसून टाकायचे. तो फोटो पुन्हा कुणी उघडला असेल तर शपथ!

प्रोग्रॅममधल्या चुका शोधणारी एक बाई तिथे आहे. बारीकशी चूकही तिच्या नजरेतून सुटत नाही, म्हणून सगळे तिला भिंगताई म्हणतात. मधल्या रकान्यात ती दर वेळी एकच वाक्य लिहायची: 'काम शेवटच्या दिवशी हातात येतं, तपासायला वेळ उरत नाही.' तिचे शनिवार-रविवार त्यातच जायचे. त्यासमोर साहेब लिहायचे, 'सर्वांनी लक्ष द्यावे.' सर्वांनी म्हणजे कुणीच नाही, हे माझ्यासारख्या पत्र्याला कळतं, माणसांना कळू नये?

भराभर प्रोग्रॅम लिहिणारा तुफान तर हसायचा. "ताई, तुमची कॅसेट अडकली वाटतं!"

त्याच जागी तेच वाक्य पडून पडून अक्षरांची सावली माझ्यात मुरली. सफाईवाल्या मावशी करवादायच्या, "घासून घासून हात मोडले, जात नाही मेला!" शेवटी साहेबांनी नवा फळा मागवला.

गेल्या शुक्रवारी तो वेष्टनातच कोपऱ्यात टेकला होता. साहेब म्हणाले, "या डागापायी काही धड दिसत नाही. काढून टाकू याला."

भिंगताई उठली. एरवी तिचा आवाज शेजारच्यालाही ऐकू जात नाही. "डाग नाही तो, साहेब. माझं वाक्य आहे. वीसदा लिहिलं, वीसदा पुसलंत." तिने टेबलावर पाकीट ठेवलं. "हा राजीनामा. नव्या फळ्यावर दुसरं कुणी लिहील."

साहेब माझ्याजवळ आले. अक्षरांवर बोट ठेवत त्यांनी ते वाक्य वाचलं. वीस शुक्रवारांत पहिल्यांदा!

तुफानची मान खाली गेली होती. "शेवटच्या दिवशी मीच देतो, साहेब. या खेपेला येत्या बुधवारी दुपारपर्यंतच देईन. माझं नाव लिहा."

साहेबांनी तिसऱ्या रकान्यात तेवढंच लिहिलं: काम, वार, नाव. खाली लिहिलं, 'पुढच्या बैठकीत आधी हेच विचारायचं.' फोटो काढला नाही. पुसलंही नाही.

भिंगताईने पाकीट पर्समध्ये टाकलं. "बुधवारपर्यंत थांबते."

आज बुधवार. दुपारी तुफान धापा टाकत आला. "घ्या ताई. अर्धंच झालंय, पण आजच आणलंय."

"चालेल. तुझ्या अर्ध्यातही भरपूर चुका असतात."

दोघं हसली. मला मात्र हसू येईना. एवढ्याशा गोष्टीसाठी वीस शुक्रवार?

उद्या माझ्या जागी नवा फळा आला तरी चालेल. मित्रांनो, त्याला पुसण्याआधी एकदा वाचा, एवढंच.