बेहड्याखाली थांबलेला बाजा

टाळ्या वाजत होत्या आणि डोमाजी आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता.

दारव्ह्याच्या शाळेच्या पटांगणात वन्यप्राणी सप्ताहाचा समारंभ चालला होता. साल त्रेसष्ट. स्टेजवर रेंजरसाहेब धर्मपालच्या खांद्यावर शाल पांघरत होते. शाल विटकरी रंगाची होती आणि तिला पिवळा काठ होता. काठावरचे कोयरीचे ठसेसुद्धा डोमाजीने मोजून घेतले असते, इतका तो तिच्याकडे टक लावून बघत होता. साहेब सांगत होते की ही 'नवयुग बँड पार्टी' शिकारीच्या हाक्याला, म्हणजे रानातली जनावरं उठवायला, ढोल-ताशे घेऊन जात नाही, कोणी कितीही आग्रह करो. आणि वडाळीच्या नाल्यावर जे बेहड्याचं झाड आहे, त्याच्या खालून वरात नेताना हे लोक पन्नास पावलं बाजा बंद ठेवतात, कारण वर गिधाडांची घरटी आहेत. असा बँड सबंध यवतमाळ जिल्ह्यात दुसरा नाही, आणि हे सगळं घडवलं ते नागपूरहून आलेल्या या तरुण ट्रम्पेटवाल्याने.

"टाळ्या तं वाजव ना बे," शेजारचा ताशावाला उकंडा कुजबुजला. "लोक पाहून राह्यले."

"हात दुखून राह्यले," डोमाजी म्हणाला.

डोमाजीचा स्वभावच तसा. मनातलं सांगायची वेळ आली की तो अंगातलं एखादं दुखणं पुढे करायचा. सासरा गेला तेव्हा त्याला रडू आलं होतं, तर डोळ्यात कुसळ गेलं म्हणाला. तासन्‌तास क्लॅरिनेटवर बोटं नाचवणाऱ्या माणसाचे हात टाळीला कसे दुखतात, हे उकंडाने विचारलं नाही. पण डोमाजीला त्या घडीला खरोखरच कुठेतरी दुखत होतं. त्या बेहड्याखाली पहिल्यांदा जो थांबला होता, तो धर्मपाल नव्हता. तो डोमाजी होता.

ही गोष्ट सत्तावन्नच्या फाल्गुनातली. आदल्या दसऱ्याला वस्तीने धम्मदीक्षा घेतली होती आणि मेलेली ढोरं ओढायचं काम त्या दिवसापासून बंद झालं होतं. डोमाजीच्या बापाने उभा जन्म ते काम केलं होतं. गावातल्या काही लोकांना राग आला. ढोर मेलं की ते नाल्याकाठी तसंच पडू द्यायचे. वस्तीला वास गेला पाहिजे, असा त्यात हेतू. पण गिधाडं यायची. अर्ध्या दिवसात नुसता सांगाडा उरायचा. डोमाजी लांबून बघत उभा राहायचा. आपल्या बापाच्या मानेवरचं जू या पाखरांनी न सांगता उचललं, असं त्याला वाटायचं.

मग एका वरातीत तो त्याच बेहड्याखाली आला. वर बघितलं तर काटक्यांच्या ढिगातून एक बोडकं डोकं खाली बघत होतं. पिल्लू होतं. डोमाजीने ओठांवरून क्लॅरिनेट काढलं. क्लॅरिनेट थांबलं की ताशा थांबतो, ताशा थांबला की ढोल. सगळे मुक्याने चालू लागले. नाला ओलांडल्यावर बँडचे मालक मारोतराव मास्तरांनी विचारलं, "काहून बे, काय झालं?"

आता लग्नाच्या वरातीत गिधाडाच्या पोरासाठी थांबलो, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

"दम लागला," डोमाजी म्हणाला.

पुढे दर खेपेला त्या जागी त्याला दम लागू लागला. बँडला सवय झाली. बेहडा आला की बाजा बंद. काही वर्षांनी धर्मपाल आला, त्याने विचारलं, इथं का थांबता? नव्या माणसासमोर डोमाजीच्या दमाचं नाव कोणी काढलं नाही. त्याने मान वर करून बघितलं आणि त्याला घरटी दिसली. जयंतीच्या सभेत तो बोलला, की कोणाचा जीव घ्यायचा नाही असं शील आपण घेतलं आहे, तर आपल्या वाद्यानेही कोणाचा जीव जाऊ नये. म्हणून बेहड्याखाली बाजा बंद आणि हाक्याला जाणंही बंद. लोकांनी डोक्यावर घेतला त्याला. यवतमाळच्या पेपरात चार ओळी आल्या. आणि आता ही शाल.

धर्मपाल वाईट माणूस असता तर किती सोयीचं झालं असतं. पण तो भेटला की वाकून जयभीम करायचा. नागपूरच्या मोठ्या बँडमध्ये तो चार वर्षं वाजवत होता. तिकडच्या मास्तरांची त्याला अजून पत्रं यायची, पत्रात नव्या चालींचं नोटेशन असायचं. लोक बँड ठरवायला आले की पहिल्यांदा विचारायचे, "ट्रम्पेटवाला येनार ना?" अमरावतीला उस्ताद करीमभाईंच्या घरी तीन वर्षं पाणी भरून डोमाजी क्लॅरिनेट शिकला होता. पण उस्ताद कधीच वारले होते, आणि मेलेल्या माणसाची पत्रं येत नाहीत. उस्तादांची मांड रागातली चाल मला शिकवा, असं धर्मपालने दोनदा म्हटलं होतं. दोन्ही वेळा डोमाजीची दाढ दुखत होती.

माघ संपता संपता वडाळीच्या बबनराव पाटलांकडची सुपारी आली. थोरल्या मुलीचं लग्न, पंचक्रोशी लोटणार. त्या संध्याकाळी मारोतराव मास्तरांनी डोमाजीला अंगणात बोलावलं, विडी दिली, आणि स्वतःच काडी ओढून ती पेटवूनही दिली. तेव्हाच डोमाजी काय ते समजला.

"पाटलाच्या लग्नात म्होरं धर्मपालले ठेवतो," मास्तर म्हणाले. "तू दुसऱ्या फळीत राह्य."

"काहून?"

"तुया दम उरला नाई, डोमाजी. त्या बेहड्यापाशी दर खेपेले लागते तुले. सात वर्सं पाहून राह्यलो मी."

"मास्तर, पन ते तं गिधाडापायी..."

"मले नको सांगू." मास्तर हसले. हसण्यात माया होती, हेच वाईट होतं. "खरं काय ते मले मालूम हाय. आपन तुया दमापायी थांबत होतो. पोरानं त्याले चांगलं नाव देल्लं, म्हनून चारचौघांत आपली लाज राह्यली."

डोमाजी घरी आला तो न जेवताच बाजेवर पडला. त्या बेहड्याची गोष्ट आजवर त्याने एकट्या बायकोला, कौसल्येला सांगितली होती. तीच म्हणाली, "अजी, सांगून द्या ना मास्तरले खरं. त्यात काय चोरी हाय?"

"आता कोन मानते? म्हनतीन, शालीपायी बोलून राह्यला."

"मंग जेवा तरी."

"पोट दुखते," डोमाजी म्हणाला. कौसल्येने ताट झाकून ठेवलं. बावीस वर्षांच्या संसारात तिने अशी पुष्कळ ताटं झाकली होती.

लग्नाच्या दिवशी ऊन उतरल्यावर नवरदेव गावाबाहेरच्या मारुतीपासून मांडवाकडे निघाला. पुढे धर्मपाल, अंगावर लाल कोट, खांद्यावर तीच शाल नीट घडी करून. मास्तरांनीच घालायला लावली होती, पाटलाच्या पाहुण्यांनी बघावी म्हणून. डोमाजी मागच्या फळीत, ढोलाच्या शेजारी. समोर चालणाऱ्या शालीचा पिवळा काठ दर पावलाला हलत होता. आपल्या पदरची वस्तू दुसऱ्याच्या खांद्यावर बघत गावभर मिरवायचं, वर त्याच्याच सुरामागे वाजवायचं. एवढं सोसायला माणूस संत असावा लागतो, आणि डोमाजी क्लॅरिनेटवाला होता.

नाला आला. धर्मपालने ट्रम्पेट खाली घेतलं आणि हात वर केला. ताशा थांबला, ढोल थांबला. वऱ्हाडातलं कोणीतरी कुरकुरलं, "बंद कायले केला बे?" मास्तर वळून डोमाजीकडे बघत होते, दम खायला वेळ मिळाला म्हातारपणी, अशा नजरेने. निदान डोमाजीला ती नजर तशी वाटली.

त्याने छाती भरून श्वास घेतला आणि उस्तादांची मांड उचलली.

एकटं क्लॅरिनेट. वरचा सूर त्याने धरला तो सोडलाच नाही. तसाच धरून फळीतून पुढे आला, धर्मपालला मागे टाकून बेहड्याच्या बरोबर खाली उभा राहिला. वऱ्हाडी खूश होऊन ओरडले. आणि उकंडाचे हात, वर्षानुवर्षं क्लॅरिनेटमागे धावायची सवय लागलेले, आपोआप ताशावर पडले. त्यामागून ढोल आला. धर्मपाल दोन्ही हात हलवून काहीतरी सांगत होता. त्या कडकडाटात ते कोणाला ऐकू येणार? डोमाजी डोळे मिटून वाजवत होता. आयुष्यात इतकं चांगलं त्याने कधी वाजवलं नव्हतं.

वर मोठाले पंख फडफडले. सावल्या रस्त्यावरून सरकल्या. घरट्यांतली मोठी पाखरं एकदम उठली, काटक्या खाली आल्या आणि त्यांच्यामागून काहीतरी जड येऊन दगडांवर आदळलं. ताशात तो आवाज बुडाला. डोमाजीला मात्र ऐकू गेला. तालाबाहेर पडलेला ठोका त्याच्या कानातून आजवर कधी सुटला नव्हता.

त्याने डोळे उघडले. पण वरात चालू लागली होती, मागून लोक लोटत होते, आणि वाजवत वाजवत तोही मांडवापर्यंत गेला.

मांडवाच्या दारात मारोतराव मास्तरांनी त्याला चारचौघांसमोर मिठी मारली. "चुकलो गड्या मी. काय दम हाय तुयात! आता म्होरं तूच. जीव हाय तोवर तूच."

इतके महिने ज्यासाठी जीव तळमळत होता, ते मिळालं होतं. डोमाजीने मान हलवली. जेवणाच्या पंगतीत त्याच्यासमोर पत्रावळ आली, वरणभात आला, पुरी आली. शेजारची धर्मपालची जागा रिकामी होती. डोमाजी पत्रावळीवरून तसाच उठला आणि नाल्याकडे गेला.

धर्मपाल बेहड्याखाली उकिडवा बसला होता. मांडीवर शाल, आणि शालीत ते पिल्लू. कोंबड्याहून मोठं, पाठीवर काळी पिसं नुकती फुटलेली, बोडकी मान एका बाजूला कललेली. वर एक गिधाड झाडाभोवती घिरट्या घालत होतं, बसत नव्हतं.

"मान मोडली," धर्मपाल म्हणाला. "थोडा वेळ होतं जिवंत."

डोमाजी उभाच राहिला. याने आता शिव्या द्याव्यात, असं त्याला फार वाटलं. शिव्या दिल्या असत्या तर उत्तर देता आलं असतं.

"काका," धर्मपालने वर न बघता विचारलं, "मास्तर म्हनतात, तुमाले इथं दम लागे म्हनून बँड थांबे. आज तं नाई लागला."

उत्तर ओठांवर तयार होतं. हात दुखत होते, दाढ दुखत होती, डोळ्यात कुसळ गेलं होतं. डोमाजी खाली बसला.

"कधीच नाई लागला, बापू," तो म्हणाला. "पयल्या दिवशीबी नाई. वरतं पिल्लू दिसलं होतं. सांगाची लाज वाटली मले."

धर्मपालने मान वर केली. "मंग ही शाल तुमची व्हय," तो म्हणाला. "मले काय मालूम होतं, काका. मी तं नुसतं बोललो."

तो शाल सोडवायला लागला. डोमाजीने त्याचा हात धरला.

"राहू दे."

नाल्याकाठची माती भुसभुशीत होती. दोघांनी काठीने आणि हातांनी खड्डा केला आणि पिल्लाला शालीसकट त्यात ठेवलं. माती लोटताना पिवळा काठ सगळ्यात शेवटी झाकला गेला. तिकडे मांडवात उकंडाने ताशा सुरू केला होता, आणि दोन्ही सूर नसल्यामुळे तो अगदी उघडाबोडका वाटत होता.

त्या पावसाळ्यात डोमाजीने धर्मपालला मांड शिकवली. या वेळी त्याने मागितली नव्हती.

पुढच्या फाल्गुनात वडाळीला पुन्हा एक लग्न निघालं. डोमाजी पुढे होता, मास्तरांनी शब्द दिल्याप्रमाणे. बेहड्यावर त्या साली एकही घरटं नव्हतं. कोणी म्हणे, गिधाडं पलीकडच्या टेकडीवर गेली. कोणी म्हणे, अशीच गेली. काटक्यांचा एक जुना ढीग फांदीत अडकून राहिला होता, त्यातून पलीकडचं आभाळ दिसत होतं.

डोमाजीने झाडाखाली येताच क्लॅरिनेट ओठांवरून काढलं. मागोमाग ताशा थांबला, ढोल थांबला.

मारोतराव मास्तर पुढे आले. वर बघून म्हणाले, "आता कायले थांबला बे? वर तं काई नाई."

"दम लागला," डोमाजी म्हणाला.

मास्तर काही बोलणार होते. पण त्यांच्या शेजारी धर्मपालनेही ट्रम्पेट काखेत धरलं होतं आणि तो खाली बघून चालत होता. तेव्हा मास्तरही गप्प झाले. पन्नास पावलं सगळा बँड नुसता पायांच्या आवाजात चालला, आणि डोमाजी मनातल्या मनात ती मोजत होता.